अण्णांची ट्रंक, अण्णांची माणसं

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आधी तुझा आवाज चढला, मग माझा, आणि अण्णा आजोबांच्या मागे राहिलेल्या ट्रंकेचं बोलणं राहूनच गेलं. ‘शनिवार-रविवारात उरकून टाकते’ म्हणालीस ते मला लागलं. नवी नोकरी, नवं घर, त्यात ही ट्रंक येऊन पडली, कळतं मला. मामाला ती त्याच्याकडे हवी होती. मीच म्हटलं, मनू करेल, तिच्यासारखं चिकटून काम आपल्यात कोणी करत नाही. मामाने यावर वाद घातला नाही, यातच काय ते समज. तर भांडण बाजूला ठेवून फक्त कामाचं लिहिते. तिथे कसं चाललंय, कोणाशी ओळख झाली का, हे विचारणार नाही असं ठरवूनच बसले आहे.

ट्रंक लगेच उघडू नकोस. आधी अण्णांचा फोन.

अण्णांचं आयुष्य लिहून काढायचं म्हणजे ट्रंकेतले कागद लावायचे, असं तू धरून चालली आहेस. कागद इतकी वर्षं थांबलेत, आणखी सहा महिने थांबतील. माणसं थांबणार नाहीत. शेवटच्या निरोपाला आलेल्यांत कितीतरी चेहरे आपल्या ओळखीचे नव्हते. मावशी प्रत्येकाला ‘आपण कोण?’ विचारत होती आणि जो तो एकच सांगत होता, ‘अण्णांचा मित्र.’ त्यातले बरेचसे ऐंशीच्या पुढचे. घरातले अण्णा आपल्याला ठाऊक आहेत: आजीचा हिशेब दोनदा तपासणारे, मामाला गणित शिकवताना स्वतःच चिडणारे, कितीतरी महिने ताटावर मान खाली घालून बसणारे. ते अण्णा मी, मावशी आणि मामा मिळून एका दुपारी सांगून टाकू. बाहेरचे अण्णा त्या लोकांपाशी आहेत, आणि या दोन अण्णांचं एकमेकांशी किती जुळेल याची मला खात्री नाही.

म्हणून फोन चार्ज करून ठेव, बंद पडू देऊ नकोस. उघडायचे आकडे मावशीकडे आहेत. अंदाजाने दाबत बसलीस तर प्रत्येक चुकीनंतर फोन आणखी जास्त वेळ अडवून धरतो आणि काही फोन शेवटी सगळं पुसून टाकतात. ‘रीसेट’ला हात लावायचा नाही. आत गेलीस की पहिल्यांदा संपर्कांची यादी बाहेर काढ. संपर्कांच्या अ‍ॅपमध्ये ‘एक्स्पोर्ट’ केलं की व्हीसीएफ प्रकारची एक फाइल तयार होते, ती स्वतःला मेल करून ठेव. मग आलेल्या-गेलेल्या फोनच्या यादीचे स्क्रीनशॉट घे. ही यादी ठरावीक लांबीची असते. आता येणारा प्रत्येक जाहिरातीचा फोन अण्णांची एकेक नोंद खाली ढकलतो आहे, आणि तळाशी गेलेली नोंद पुसली जाते.

व्हॉट्सअ‍ॅपचंही तसंच. खातं १२० दिवस वापरात नसेल तर ते काढून टाकलं जातं. लॅपटॉपला जोडून काम करणार असशील तर हेही लक्षात घे की मुख्य फोन १४ दिवसांहून जास्त वापरला नाही की जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात. तेव्हा महत्त्वाची चॅट एकेक करून ‘एक्स्पोर्ट’ कर. फोटो आणि आवाजाचे मेसेज हवे असतील तर ‘मीडियासह’ निवड. मात्र मीडियासह काढताना कमी मेसेज बसतात, जुने गळतात. लांबलचक चॅट असेल तर दोनदा काढ, एकदा मीडियासह, एकदा नुसता मजकूर. सिमचं रिचार्ज मी चालू ठेवते. वापर थांबलेला नंबर पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो, आणि ज्यांना अण्णा गेल्याचं अजून कळलेलं नाही त्यांनी कुणा परक्याच्या तोंडून ते ऐकावं असं मला वाटत नाही.

यादी बघून दचकू नकोस. अण्णा माणसांची नावं टाकत नसत. ‘बाक’, ‘दावा’, ‘सेल’, ‘पलंग १४’ अशा नोंदी दिसतील. मला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगते.

‘बाक’ म्हणजे सकाळी फिरायला जात तिथल्या बाकावरचे गृहस्थ. इतकी वर्षं शेजारी बसले, पण आडनाव अण्णांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं, आणि विचारायची गरजही त्यांना वाटली नाही. अण्णांच्या या मैत्रीत गूढ काही शोधू नकोस. नुसते तास होते. जेफ्री हॉल नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी २०१८ साली याचा अंदाज मांडला होता: नुसती ओळख असलेल्या माणसाशी साधारण ५० तास घालवले की जेमतेम मैत्री होते, ९० तासांच्या आसपास खरी मैत्री, आणि जिवलग व्हायला २००च्या वर तास लागतात. त्यातही कामापुरते एकत्र घालवलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत, रिकामपणी एकत्र घालवलेले पडतात. आता हिशेब कर. रोज अर्धा तास बाकावर बसायचं, तर ५० तासांना १०० दिवस आणि २०० तासांना ४०० दिवस. म्हणजे वर्षाहून जास्त काळ अण्णा त्याच वेळी त्याच बाकावर गेले, तेव्हा कुठे ते गृहस्थ ‘बाक’ झाले. लोक दोन-तीन भेटींत जमलं नाही की सोडून देतात, तिथेच बहुतेक मैत्र्या मरतात.

जागेचंही तसंच आहे. १९५० साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं होतं की मैत्री स्वभावावर ठरते त्याहून दारांमधल्या अंतरावर जास्त ठरते. शेजारच्या दाराशी सगळ्यात जास्त, चार दारं सोडून फारच कमी. जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांच्या ओळखी वरच्या मजल्यावर जास्त, कारण वरचे येता-जाता त्यांच्या दारावरून जात. तुझ्या इमारतीला लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये सगळे फोनमध्ये बघत असतात. दोनच मजले आहेत, जिन्याने जात जा, आणि रोज एकाच वेळी निघ, म्हणजे तीच ती माणसं भेटतील आणि

बघ, सुरू झालं माझं. खोडत नाही, कारण खोडलं तरी तू उजेडात धरून वाचशीलच. सोडून दे. पुढचं लिहिते.

‘दावा’ म्हणजे जमिनीच्या खटल्यात समोरच्या बाजूचे वकील. हो, समोरच्या! तारखेला सकाळपासून बसून राहायचं, नाव पुकारलं जायचं दुपारनंतर, आणि बरेचदा पुढची तारीख घेऊनच परतायचं. बाहेरच्या ओसरीत बसायला जागा एकच. त्यामुळे दोघे शेजारी बसत आणि एकाच वर्तमानपत्राची पानं वाटून घेत. खटला अण्णा हरले. निकालाच्या दिवशी मामा त्या माणसाकडे न बघता निघून गेला, आणि अण्णा त्याच्याकडून शब्दकोड्याचं पान मागून घेत होते. मामाच्या मनातून ते अजून गेलेलं नाही, म्हणून त्याच्यासमोर हा विषय काढताना जपून. अण्णांचं मृत्युपत्र मात्र पुढे त्याच वकिलांनी तयार करून दिलं. कागदात एकही खाडाखोड नाही, बघशीलच.

‘सेल’ हा पोरगा अण्णांहून पंचेचाळीसेक वर्षांनी लहान असेल. श्रवणयंत्र दुरुस्त करतो. अण्णांच्या यंत्रातले सेल वेळेआधी संपत, आणि कंपनी फसवते म्हणून अण्णा त्याच्याशी भांडायला गेले. त्याने पाकीट बघितलं आणि हसला. झिंक-एअर सेल हवेवर चालतो. त्यावरचं रंगीत स्टिकर काढलं की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि सेल तिथून पुढे झिजायला लागतो, यंत्रात बसवा किंवा नका बसवू. अण्णांनी पुन्हा पुन्हा नखाने सोलायचा त्रास नको म्हणून अख्ख्या पाकिटाची स्टिकरं एकदमच काढून ठेवली होती! परत चिकटवून उपयोग होत नाही. उलट स्टिकर काढल्यावर सेल मिनिटभर, शक्यतो पाच मिनिटं, उघडा ठेवून मग बसवायचा, म्हणजे तो पुरतो. एवढं ऐकून अण्णा दुसऱ्या दिवशी परत गेले, काहीही काम नसताना. त्याचे परीक्षेचे अर्ज अण्णा तपासून देत, आणि फोन वापरायला अण्णांना शिकवलं ते त्यानेच. घरात आम्ही कोणी शिकवायला बसलो की पाचव्या मिनिटाला अण्णा उठून जात.

‘पलंग १४’बद्दल मला सगळ्यात कमी माहिती आहे आणि सगळ्यात जास्त हवी आहे. आजी शेवटी रुग्णालयात होती तेव्हा शेजारच्या पलंगावरच्या बाईंचे हे यजमान. रात्रीची पाळी दोघांनी वाटून घेतली होती. मध्यरात्रीपर्यंत एकाने दोन्ही सलाइनवर लक्ष ठेवायचं आणि दुसऱ्याने बाकड्यावर झोपायचं, मग उलट. त्यांच्या घरचं माणूस बरं होऊन गेलं. आजी गेली नाही घरी. असं झालं की सहसा सुटलेला माणूस उरलेल्याला टाळतो, कारण काय बोलावं ते कळत नाही. ते गृहस्थ महिन्याच्या महिन्याला अण्णांना फोन करत राहिले, आणि त्या वेळी अण्णा गॅलरीत जाऊन दार ओढून घेत. त्या दाराआड काय बोलणं व्हायचं ते अण्णांनी मला सांगितलं नाही, मावशीलाही नाही. रात्री-बेरात्री ज्याला उठवता येईल असं एक माणूस घराबाहेर असावं लागतं गं. घरच्यांना सगळं सांगता येत नाही, मला ते समजतं. तुला मला सगळं सांगायची गरज नाही, पण कोणाला तरी… असो.

आता बोलायचं कसं, ते नीट वाच, कारण पहिल्या भेटीत बिघडलं तर दुसरी भेट मिळत नाही.

जाण्याआधी फोन करून सांग की अण्णांबद्दल ऐकायला येते आहे आणि आवाज रेकॉर्ड करायचा विचार आहे, चालेल ना. आयत्या वेळी यंत्र समोर ठेवलं की माणूस सभेत बोलल्यासारखा बोलायला लागतो. सोबत एक-दोन फोटो ने. फोटो हातात दिला की प्रश्न विचारावे लागत नाहीत. रेकॉर्डिंगचा फोन ‘एअरप्लेन मोड’वर टाक, नाहीतर मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग थांबतं आणि ते तुला घरी आल्यावर कळतं. तोंडापासून वीतभर-दीड वीत अंतरावर ठेव, टेबलावर नुसता नको, खाली घडी घातलेला रुमाल ठेव. टेबलावर बोटं वाजवली की तो आवाज माइकमध्ये हातोड्यासारखा येतो. पंखा बंद करता आला तर कर. आधी अर्धं मिनिट रेकॉर्ड करून, हेडफोन लावून ऐक. मग सुरुवातीला तारीख, जागा, कोण बोलतंय ते तूच मोठ्याने सांग. दहा वर्षांनी फाइलीचं नाव बदललेलं असलं तरी आवाजातली तारीख राहते.

यातल्या बहुतेकांना कमी ऐकू येत असेल. ओरडू नकोस. वयाने ऐकू कमी येतं तेव्हा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श, फ असली व्यंजनं. ओरडण्याने स्वर फुगतात, व्यंजनं तिथेच राहतात, आणि समोरच्याला फक्त गोंगाट ऐकू येतो. तुझा आवाज तसाही बारीक. जरा खालच्या पट्टीत, सावकाश, समोर बसून बोल. खिडकी तुझ्या पाठीमागे नको, उजेड तुझ्या चेहऱ्यावर पडू दे. ही माणसं अर्धं ओठांवरून वाचत असतात.

‘अण्णा कसे होते?’ असं विचारलंस की ‘देवमाणूस’ म्हणतील आणि संपलं. पहिल्यांदा कोण कोणाशी बोललं ते विचार. कशावरून बोललात, कुठे बसायचात, कशावर वाद व्हायचा, अण्णांनी तुमचं काय नेलं ते परत केलं नाही, असे हाताला लागणारे प्रश्न विचार. आणि मग गप्प बस. उत्तर संपलंय असं वाटलं की मनात पाच मोज. जे खरं असतं ते बहुतेक वेळा त्या पाचानंतर येतं. तुला शांतता सहन होत नाही, लगेच पुढचा प्रश्न टाकतेस, म्हणून मुद्दाम लिहिलं.

ते स्वतःच्याच तरुणपणाचं सांगत बसतील. थांबवू नकोस. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी सगळ्यात दाट असतात, हे संशोधनातही पुन्हा पुन्हा दिसलं आहे. साठीत अण्णांना भेटलेला माणूसही आधी स्वतःच्या विशीत जाऊन येईल, आणि मग ‘हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले…’ असं वाक्य येईल. तेच आपल्याला हवंय. वर्ष चुकलं, नाव चुकलं तरी दुरुस्त करू नकोस. मागे टीप लिहिता येते, पण एकदा टोकलेला म्हातारा माणूस पुढे सावधपणे बोलतो. खटला का हरलो याची मामाची गोष्ट वेगळी आणि वकिलांची वेगळी निघेल. कोण, कधी म्हणालं ते लिहून दोन्ही ठेव. जुळवायला जाऊ नकोस.

पाऊण तासाला थांब. ते ‘अजून बस’ म्हणतील तेव्हा ‘पुन्हा येते’ म्हण, आणि खरंच जा. एक तासाचं बोलणं उतरवून काढायला चार ते सहा तास लागतात, म्हणून सगळं उतरवायच्या फंदात पडू नकोस. दर पाच मिनिटांना एक ओळ लिही, अमुक मिनिटाला अमुक विषय. मग लागेल तेवढंच उतरव. पलंग १४च्या घरचं आजारपण त्यांना विचारल्याशिवाय कुठेही छापायचं नाही.

आता ट्रंक. झाकण उघडलंस की आधी वरून फोटो काढ, आणि प्रत्येक थर उचलण्याआधी पुन्हा एक. तुला तो पसारा वाटेल. अण्णांनी कुठला कागद कशाच्या शेजारी ठेवला, कुठली पत्रं एका दोऱ्यात बांधली, हीसुद्धा माहितीच असते, आणि तारखेप्रमाणे ‘नीट’ लावलंस की ती कायमची गेली. दप्तरखान्यातही मूळ क्रम मोडत नाहीत. खिडकी उघडी ठेव, डांबरगोळ्यांचा वास डोक्यात जातो. बुरशी दिसली तर मास्क लाव आणि तो गठ्ठा वेगळा ठेव.

कागदाला हातमोजे नकोत. मोज्यात बोटांना अंदाज येत नाही आणि कडा फाटतात. स्वच्छ, कोरडे हात पुरे. फोटो आणि निगेटिव्हला मात्र मोजे घाल. गंजलेली टाचणी ओढून काढू नकोस. टाचणी आणि कागद यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा पातळ तुकडा सरकव आणि मग सावकाश सोडव. फाटलेलं चिकटपट्टीने जोडायचं नाही, तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. लॅमिनेशन तर नाहीच. पत्र पाकिटापासून तोडू नकोस. आत तारीख नसली तरी पाकिटावरचा टपालाचा शिक्का बोलतो.

मोठा अल्बम चिकट पानांचा आहे, वर प्लॅस्टिक असलेला. त्यातले फोटो नखाने उचकटलेस तर चेहरे पानावर राहतील. दात साफ करायचा धागा फोटोच्या मागून करवतीसारखा हलके सरकव. नाहीच निघाला तर पानासकट स्कॅन कर. छोटे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन कर, टिफ फाइल ठेव आणि पाठवायला वेगळी जेपेग कर. निगेटिव्ह सापडली तर फोटोऐवजी तीच स्कॅन कर, तिच्यात तपशील जास्त असतो. फोटोमागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, कडेला, न दाबता. बॉलपेनचा वळ पुढून उमटतो. आजीच्या माहेरचे चेहरे आता फक्त मावशी ओळखते. तिला आठवड्याला दहा फोटो पाठव, एकदम शंभर पाठवलेस तर ती सगळ्यांना ‘छान’ म्हणेल. सगळ्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. ती तिसरी माझ्याकडे पाठव.

कॅसेट ही सगळ्यात नाजूक बाब. लावण्याआधी प्रत्येकीच्या वरच्या कडेची दोन छोटी प्लॅस्टिकची कानं तोडून टाक. ती शाबूत असली आणि चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर आजीचा आवाज पुसला जाईल. तो एकाच कॅसेटवर आहे. मधली फेल्टची गादी जागेवर आहे का बघ. ती गळालेली असेल तर फीत हेडला, म्हणजे टेपरेकॉर्डरच्या आवाज वाचणाऱ्या भागाला, टेकत नाही, आवाज दबका आणि लांबून येतो, आणि आपल्याला वाटतं कॅसेटच खराब झाली. हेड आणि रबरी चाक कापसाच्या काडीने साफ कर, हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल. फीत आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरव, वर्षानुवर्षं चिकटून बसलेले वेढे सुटतात. ६० आणि ९० मिनिटांच्या कॅसेट धीर धरतात. १२०ची फीत फार पातळ असते, ताणली जाते, गुंडाळली जाते. ती सतत मागेपुढे करू नकोस, एकदाच सलग चालवून उतरव. आत पांढरी बुरशी दिसली तर लावायचीच नाही, जाणकाराकडे दे. उतरवताना वेव्ह फाइल कर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एमपी३ फक्त आम्हाला ऐकवायला. टेपरेकॉर्डर तुझ्याकडे नसणार. तुझ्या ऑफिसात कोणाच्या तरी घरी धूळ खात पडलेला असेल, विचारून बघ. विचारण्याच्या निमित्ताने… मी पूर्ण करत नाही हे वाक्य.

ट्रंकेच्या तळाशी कार्डांचा एक जाड गठ्ठा आहे, नुसते आकडे लिहिलेला. हिशेबाचे कागद समजून फेकू नकोस. तो टपालाने खेळलेला बुद्धिबळ आहे. ५२५४ असं दिसेल. उभ्या रांगांना पांढऱ्याच्या डावीकडून १ ते ८ आकडे, आडव्यांनाही पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८. पाचव्या उभ्या रांगेतल्या दुसऱ्या घरातून त्याच रांगेतल्या चौथ्या घरात, म्हणजे राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे. पांढऱ्याने राजाच्या बाजूला किल्लेकोट केला की ५१७१. ही पद्धत आंतरराष्ट्रीय टपाल बुद्धिबळात रूढ झाली ती यासाठीच की दोघांना एकमेकांची भाषा येण्याची गरज नाही. अण्णांचा हा जोडीदार दुसऱ्या देशातला. दोघे कधी भेटले नाहीत, फोनवर बोलले नाहीत, बोलले असते तरी समजलं नसतं. कार्डावर समोरच्याची आधीची चाल पुन्हा लिहायची, मग आपली, कार्ड कधी मिळालं, कधी टाकलं, विचाराला किती दिवस घेतले. आकडा लिहिताना चूक झाली आणि ती चाल नियमात बसत असली तर परत घेता येत नाही, म्हणून अण्णा प्रत्येक कार्ड पेटीत टाकण्याआधी पटावर पुन्हा मांडून बघत. कार्ड जायला-यायला मिळून महिना धरला तर चाळीस चालींच्या डावाला तीन वर्षांच्या वर लागतात. असे कितीतरी डाव आहेत त्यात. कडेला पेन्सिलने ढग, पाऊस, सूर्य काढलेले आहेत. हवामान कळवत असावेत.

शेवटचं कार्ड अण्णा रुग्णालयात असताना आलं. उत्तर गेलेलं नाही. तिकडे कोणीतरी पट मांडून वाट बघतंय. वर ‘आधी फोन’ म्हटलं खरं, पण हे काम बाकी सगळ्याच्या आधी कर, फोनच्याही आधी. चार सोप्या इंग्रजी ओळी पुरतील: मी त्यांची नात, ते गेले, तुमची सगळी कार्डं जपून ठेवली आहेत, आभार. त्यांना इंग्रजी येत नसेल तर कोणीतरी वाचून दाखवेल.

आणि एक विचारू का? शेवटची स्थिती मी पटावर मांडून बघितली. अण्णांचं एक प्यादं जास्त आहे, पण घोडा अडकलाय. डाव मैत्रीचा असेल, स्पर्धेचा नसेल, तर पुढे तुम्ही खेळाल का असं तू त्यांना विचारू शकतेस. अण्णांना बारा वर्षांची असताना हरवलं होतंस तू, त्यांनी ते सगळ्या शेजाऱ्यांना सांगितलं होतं. हा सल्ला नाही. नको वाटलं तर नुसतं कळव.

पत्ता त्यांच्या कार्डावरून अक्षर न बदलता उतरव, देशाचं नाव शेवटच्या ओळीत. पाठवणाऱ्याच्या जागी तुझा पत्ता लिही, अण्णांचा नको.

तुझी,
आई

ता. क. मावशी रात्री नऊनंतर फोन उचलत नाही. आकडे दिवसा विचारून घे, आणि तिने सांगितलेले लिहून घेऊन तिला परत वाचून दाखव. ती सहा आणि नऊची गल्लत करते.